दोन कुलपांचं घर

घरमालकाने शनिवारी दुपारी खोल्या द्यायला नकार दिला आणि रविवारी सुगीचा सण होता, त्यामुळे मायाला रडायलासुद्धा सवड मिळाली नाही. सकाळी उठल्यापासून ती परड्यातला लाल भोपळा ओल्या फडक्याने पुसत होती. भोपळा केव्हाच लखलखीत झाला होता, तरी हात थांबत नव्हता. मनात एकच गोष्ट घोळत होती. आपण त्या म्हातारीला फोनवर सांगून बसलोय, घर हाय, या.

म्हातारी म्हणजे नेंगबोईची आजी. नेंगबोई ही मणिपूरच्या डोंगरातली पोर, मिरजेला नर्सिंगला होती आणि मायाच्या लेकीबरोबर, प्रांजलबरोबर, एकाच खोलीत राहायची. गेल्या मे महिन्यात तिच्याकडे गावंच्या गावं पेटली. घर जळालं, त्या धामधुमीत वडील गेले, आणि आजी, आई, धाकटी बहीण अशा तिघी तेव्हापासून एका शाळेतल्या छावणीत पडून होत्या. नाताळाला नेंगबोई इस्लामपूरला प्रांजलच्या घरी आली. ताटावर बसली, पहिला घास हातात धरला आणि तो तसाच धरून रडायला लागली. दुसऱ्याच रविवारी चर्चच्या पाळकसाहेबांनी उपासनेत विषय काढला आणि मंडळीने एकमुखाने ठरवलं, त्यांना इकडे आणायचं.

मग काय विचारता. कुणी गाद्या दिल्या, कुणी खाट, कुणी कुकर. इतकी वर्षं चर्चमध्ये शेजारी बसून एकमेकींकडे न बघणाऱ्या बायका भांडी घासायला एका ओळीत बसल्या. मायाचे यजमान भाऊसो होवाळ चर्चचा कारभार बघणाऱ्या वडीलमंडळात होते. कारखान्याच्या वजनकाट्यावरून रिटायर झाल्यापासून त्यांना असं काही हातात घ्यायला हवंच होतं. त्यांनी दोन खोल्या भाड्याने ठरवल्या, चुनासुद्धा मारून घेतला. आणि आता, ती माणसं मिरजेच्या गाडीत बसलेली असताना, मालकाने कानावर हात ठेवले. बाहेरची माणसं, उद्या कोण विचारायला आलं तर मी काय सांगू, म्हणाला.

फोनवरचं बोलणं मायाला शब्दन् शब्द आठवत होतं. नेंगबोई मध्ये बसून इकडचं तिकडे सांगत होती. मायाने भाड्याच्या खोल्या, नळ, बाजार, शाळा सगळं सांगून पाहिलं. म्हातारीने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, की दाराला आतून कडी आहे का. छावणीत दार नव्हतं. शाळेच्या वर्गात साड्या आडव्या बांधून कुटुंबं राहत होती.

"हाय की," माया म्हणाली होती. "घर हाय, दार हाय, दाराला चांगली लोखंडी कडी हाय. या तुमी."

आणि हे बोलताना तिच्या डोळ्यांपुढे त्या भाड्याच्या खोल्या नव्हत्याच. चर्चमागच्या गल्लीतलं सासऱ्यांचं घर होतं. दोन खोल्या, पुढे पडवी, मागे चिंच. लग्न होऊन ती त्याच घरात आली होती, आणि पहिल्या रात्री ती जड कडी तिला एका हाताने उचलवली नव्हती.

त्या घराला सहा वर्षांपासून दोन कुलपं होती. सासरे गेले, वाटणीवरून भाऊसो आणि त्यांचा धाकटा भाऊ जयराज यांची जुंपली, आणि एकाने वरच्या कोयंड्याला कुलूप घातलं तसं दुसऱ्याने खालच्या. तेव्हापासून भाऊ भावाशी बोलत नव्हता. जयराज मिलिटरीतून सुटून सांगलीला राहायला गेला. सासूबाई, अंबूबाई, सहा महिने इकडे आणि सहा महिने तिकडे. "घराला कुलपं लावलीसा, आता मलाबी एकेक लावा," असं त्या दोघांनाही सुनावून मोकळ्या झाल्या होत्या.

"आवं," मायाने भोपळा बाजूला ठेवला. भाऊसो आरशासमोर टाय बांधत होते. "आपलं घर हाय की मोकळं."

"कुठलं?"

"किती घरं हायती आपली?"

भाऊसोंचा हात टायवर थांबला. "त्या घराचं नाव काडू नगंस. सणाचा दिवस हाय."

"मग त्या बायकांनी रातच्याला कुठं टेकायचं?"

"पाळकसाहेबांशी बोललोय. आज चर्चच्या हॉलमध्ये थांबतील, उद्या पुण्याच्या मंडळीकडं पाठवू. तिथं आदीच दहा-बारा कुटुंबं हायती, मोठा हॉल हाय."

"परत हॉलच," माया म्हणाली. "परत साड्याच बांधायच्या की मग."

"जयराजनं त्याचं कुलूप काडावं, मी माझं काडतो. माझी कवा न्हाई व्हती का?"

सहा वर्षं ते हेच म्हणत होते, आणि तिकडे सांगलीत जयराजही नेमकं हेच म्हणत होता. भाऊसोंची किल्ली त्यांच्या कमरेच्या करदोड्याला बांधलेली असे. अंघोळीलासुद्धा ती निघत नसे. मायाने काल दुपारी ते झोपल्यावर हळूच हात घालून पाहिला होता. भाऊसोंनी झोपेतच तिचा हात झटकला होता.

चर्चच्या मागच्या अंगणात प्रीतिभोजनाची चूल पेटली होती. मटणाचा रस्सा रटरटत होता आणि बायकांची तोंडं हातांपेक्षा जोरात चालली होती. माया कांद्याच्या ढिगाशी जाऊन बसली. थोड्या वेळाने तिच्याकडे पाठ करून राणी येऊन बसली. राणी म्हणजे जयराजची बायको. या दोघी जावाही सगळ्यांच्या लेखी बोलत नव्हत्या. नवऱ्यांच्या भांडणात तेवढी रीत पाळावी लागते. फोनवर मात्र रोज अर्धा तास व्हायचा.

"जमलं का?" राणीने कांद्याला विचारल्यासारखं विचारलं.

"कुठलं जमतंय. कमरेला हाय. तुझं?"

"माझ्याकडं हाय. त्यांच्या ट्रंकेत व्हती, मिलिटरीच्या हिरव्या दोरीला. अंड्यांच्या टोपलीत घालून टेबलावर ठिवते."

मायाचा हात थांबला. "भावजींना म्हाईत हाय?"

"म्हाईत आसतं तर आनू दिली आसती व्हय?"

"राने, लय मोठा तमाशा व्हईल गं."

"व्हऊ दे की, अक्का. सहा वर्सं पाठीला पाठ लावून कांदं चिरतोय आपन. मला कटाळा आला."

मायाला हसू आलं. एकट्या किल्लीने दार उघडत नाही, हे दोघींनाही ठाऊक होतं. पण टेबलावर ठेवलं की ठेवलं. तो नियम खुद्द भाऊसोंचा होता.

या मंडळीत सुगीच्या सणाला प्रत्येकाने आपल्या घरचं काहीतरी आणायचं. ऊस, जोंधळा, हळद, केळीचा घड, कोंबडी, ज्याचं जे असेल ते पुढच्या टेबलावर मांडायचं. उपासना झाली, पाळकसाहेबांनी त्यावर प्रार्थना केली की लिलाव. लिलाव पुकारायचा भाऊसोंनी. काट्यावर आयुष्य गेल्याने त्यांचा आवाज असा, की शेजारच्या गल्लीतले लालासाहेब, चांगले बागायतदार, चर्चचे नव्हते तरी दरवर्षी खास तो आवाज ऐकायला येऊन बसत. प्रार्थना झालेली वस्तू देवाची झाली, ती परत मिळत नाही आणि पुकारल्याशिवाय ठेवताही येत नाही, हा भाऊसोंचा दंडक. तीन वर्षांपूर्वी अंबूबाईंनी गडबडीत अंड्यावरची कोंबडी आणून ठेवली होती. प्रार्थनेनंतर ध्यानात आल्यावर त्या ती परत मागायला लागल्या, तर पोटच्या पोराने दिली नाही. म्हातारीला आपलीच कोंबडी बोली लावून घ्यावी लागली. ती गोष्ट अंबूबाई अजून विसरल्या नव्हत्या.

आणखी एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती, पण कुणी बोलत नसे. एकमेकांचं तोंड न बघणारे हे दोघे भाऊ वर्षातून एकदा या लिलावातच बोलायचे. जयराज दरवर्षी सांगलीहून मुद्दाम यायचा, भाऊसोंच्या घरच्या भोपळ्यावर बोली लावायचा, आणि भाऊसो त्याची बोली इतरांपेक्षा जरा जोरात पुकारायचे.

उपासना संपली, टेबलावरच्या वस्तूंवर प्रार्थनाही झाली. पाळकसाहेब म्हणाले, "यंदा बोली पैशात लावायची नाही. येणाऱ्या कुटुंबाला जे लागेल त्या वस्तूत लावायची. संसार उभा करायचाय आपल्याला." हे मायाने सुचवलेलं होतं. लोक आधी गोंधळले, मग एकदम सुटले.

"होवाळांचा भोपळा," भाऊसोंनी आवाज लावला. "बघून घ्या, रंग बघा. बोला."

"जोंधळ्याचं एक पोतं," मागून आवाज आला.

"पोतं आलं. पुढं?"

"पोतं आनि गॅसची शेगडी."

"शेगडी आली. गॅस कोन भरनार, तुमी का आमी?"

सगळे हसले. जयराज भिंतीला पाठ लावून उभा होता, मिलिटरीत उभे राहतात तसा ताठ. "शेगडी, टाकी, आनि एक लोखंडी कपाट," तो म्हणाला. भाऊसोंनी त्याच्याकडे न बघता त्याची बोली घुमवली. तेवढ्यात लालासाहेब उठले. "वर्साचा गूळ माझ्याकडनं. आनि त्यो भोपळा परत टेबलावर ठिवा, मला आजून एकदा पुकारल्याला ऐकायचा हाय." भोपळा तीनदा विकला गेला. एका तासात शिलाईमशीन, पंखा, शाळेची दोन दप्तरं आणि वर्षभराचं धान्य जमलं. माया वहीत उतरवत होती, आणि प्रत्येक ओळ लिहिताना तिच्या मनात येत होतं, हे सगळं ठेवायचं कुठं?

मग भाऊसोंनी अंड्यांची टोपली उचलली. "गावठी अंडी, सांगलीची," म्हणत त्यांनी हात घातला आणि बाहेर काढला, तर बोटांत हिरवी दोरी होती. दोरीला किल्ली होती. मिलिटरीची दोरी बघून ती त्यांनी लगेच ओळखली. सहा वर्षं त्या खालच्या कुलपाकडे ते जाता-येता बघत होते.

"हे कुनी ठेवलं?"

"मी," राणी उभी राहिली.

जयराज भिंतीपासून सुटला. "राने, काय केलंस ह्ये?"

भाऊसोंचा चेहरा लाल झाला, मग त्यांनी आवाज खाली आणला. "चुकून आलीया. ज्याची हाय त्यानं घेऊन जावी."

"माझी कोंबडी दिली व्हतीस का परत?"

पहिल्या बाकावरून अंबूबाई बोलल्या. उठल्या नाहीत, की मान वळवली नाही. "प्रार्थना झालीया त्येच्यावर. पुकार."

कुणीतरी खुसकन हसलं आणि गप्प झालं. पाळकसाहेब छताकडे बघत होते. भाऊसो एकदा आईकडे, एकदा किल्लीकडे बघत राहिले. आपण घातलेल्या नियमात आपणच अडकलोय हे त्यांना कळलं होतं आणि ते सगळ्या मंडळीला दिसत होतं. शेवटी त्यांनी किल्ली उंच धरली. आवाज काट्यावरचा नव्हता.

"एक किल्ली. बोला."

कोण बोलणार? होवाळांच्या भांडणात हात घालायची कुणाची छाती नव्हती. माया उठली.

"माझी बोली हाय," ती म्हणाली. "ह्या किल्लीवर मी दुसरी किल्ली लावते. वरच्या कुलपाची."

"ती तुझ्याकडं न्हाई," भाऊसो म्हणाले.

"आमच्या घरातच हाय. घरातलं दिल्यालं चालतंय न्हवं, पाळकसाहेब?"

पाळकसाहेबांनी मान डोलावली. आता माघार नव्हती. "मी त्या म्हातारीला शब्द दिलाय," माया सगळ्यांसमोर म्हणाली. "तिनं दुसरं काय मागितलं न्हाई. दाराला आतनं कडी हाय का, एवढंच इचारलं. मी हाय म्हनले. आमच्या मामांजींच्या दाराची कडी माझ्या डोळ्यांपुढं व्हती, म्हनून म्हनले. आता गाडी मिरजंला लागली आसंल. मी काय सांगू तिला? कडी हाय, पर भाईरनं दोन कुलपं हायती म्हनून?"

बोलला तो जयराज. भावाशी सरळ बोलायचं नव्हतं म्हणून त्याने पाळकसाहेबांकडे तोंड केलं.

"मी तिकडं ड्युटीला व्हतो, साहेब. त्याच डोंगरात. एकदा पावसात आडकलो, तर एका घरात घेतलं आमास्नी. खोली एकच. घरची म्हातारी उठली आनि भाईर लाकडाच्या खोपटात जाऊन निजली. आमी दार लावून झोपलो." त्याने टेबलाकडे हात केला. "किल्ली मला परत नको. पुकारनाऱ्यास्नी सांगा, पुकारा म्हनावं."

भाऊसोंनी घसा खाकरला.

"एकवार," ते म्हणाले.

दुसरी बोली आली नाही.

"दोनवार."

आणि ते थांबले. त्यांचा डावा हात शर्टाच्या आत, कमरेकडे गेला. सगळे तिसऱ्या पुकाऱ्याची वाट बघत होते. भाऊसो तो न देताच टेबलामागून निघाले, मधल्या वाटेने ताडताड चालत गेले आणि दाराबाहेर पडले. हिरव्या दोरीची किल्ली त्यांच्या मुठीतच होती.

रागावले. सगळ्या मंडळीसमोर नवऱ्याचं नाक कापलं आपण, असं मायाला वाटलं आणि ती पदर सावरत मागे धावली. गल्लीच्या तोंडाशी येऊन बघते तर भाऊसो घरासमोर वाकून उभे होते. शर्ट बाहेर आलेला, करदोडा तुटलेला, आणि वरच्या कुलपात किल्ली घालून ते ती जीव खाऊन फिरवत होते. सहा पावसाळ्यांचा गंज, कुलूप कसलं हलतंय.

तिच्या मागून चपला वाजल्या. जयराज तिला ओलांडून पुढे गेला. भाऊसोंनी पावलं ऐकली, पण वळून पाहिलं नाही.

"त्याल आन रं," ते म्हणाले.

"आनलंय," जयराज म्हणाला. त्याच्या हातात स्वयंपाकातली तेलाची वाटी होती.

सहा वर्षांनंतरचं पहिलं सरळ बोलणं एवढंच. माया गल्लीतल्या दगडावर मटकन बसली आणि तिने पदर तोंडाला लावला. राणी येऊन तिच्या शेजारी बसली, या वेळी पाठ करून नव्हे.

खालचं कुलूप आधी निघालं, वरच्याने दगडाचे चार घाव खाल्ले. दार उघडताच आतून कुबट वास आला, आणि त्याच्या मागोमाग अख्खी मंडळी आत शिरली. कुणी जळमटं काढतंय, कुणी फरशी धुतंय, लालासाहेबांच्या ट्रॅक्टरमधून कपाट आणि खाटा येतायत, पाळकसाहेब बाह्या सारून वायरमनला पंख्याची जागा दाखवतायत. रस्सा चुलीवर तसाच राहिला, त्याला कुणी वाली नव्हता. अंबूबाईंनी दोन्ही गंजकी कुलपं उचलून आपल्या पिशवीत घातली. "ही ऱ्हाऊ द्या माझ्याकडं," त्या पोरांना म्हणाल्या. "तुमचा भरवसा न्हाई."

प्रांजलचा फोन आला. "आई, आष्ट्याजवळ उसाच्या ट्रॉल्यांमागं आडकलोय. घराचं काय झालं गं? मी ह्यांना काय सांगू?"

"सांग, घर हाय," माया म्हणाली. "दार हाय, आनि कडीबी हाय म्हनावं."

ऊन कलायच्या सुमारास जीप गल्लीत आली. आधी प्रांजल उतरली, मग नेंगबोई, मग तिची आई आणि झोपेतून उठलेली धाकटी. शेवटी म्हातारी. अंगाने एवढीशी, डोक्याला रुमाल, पाठीवर एक गाठोडं. दोन्ही बाजूंना उभी असलेली माणसं बघून ती जरा बिचकली. गाणं म्हणायचं ठरलं होतं, पण कुणाला सुरुवातच करता येईना. अंबूबाई पुढे झाल्या.

"सलाम, बाई," त्या चर्चच्या रीतीने म्हणाल्या आणि म्हातारीचा हात धरून तिला पडवीत घेऊन आल्या. दोघींना एकमेकींची भाषा ओ का ठो कळत नव्हती.

म्हातारी उंबऱ्यापाशी थांबली. आत बघितलं नाही. खाट, कपाट, शेगडी, भरलेली पोती, कशाकडेच नाही. तिने दाराच्या फळीवरून हात फिरवला आणि मागची कडी शोधली. ती जड कडी तिने दोन्ही हातांनी उचलून पाहिली, पाडून पाहिली. मग मायाकडे वळून नेंगबोईला काहीतरी विचारलं.

"आजी विचारतेय," नेंगबोई तिच्या शिकाऊ मराठीत म्हणाली, "थोडा वेळ बंद केलं तर चालेल का? तुम्हाला राग येणार नाही ना?"

"राग कशाचा," माया म्हणाली. "तिचंच हाय."

चौघी आत गेल्या. दार लागलं. बाहेर गल्लीत ताटं, पातेली, हारतुरे घेऊन अख्खी मंडळी उभी होती, आणि स्वागताला आलेल्यांच्या तोंडावर दार लावलं असं एकालाही वाटलं नाही. सगळे कान देऊन ऐकत होते. आतून कडी बसल्याचा जड आवाज आला.

भाऊसो भावाच्या शेजारी उभे होते. त्यांनी डोळे पुसले, घसा साफ केला, आणि आतल्यांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू आवाजात सकाळी राहिलेला पुकारा पुरा केला.

"तीनवार."